पिवळ्या गाडीचा चावा

काकांनी आयुष्यभर लोकांचे दात केले. त्या दातांनी लोक जेवले, भांडले, लग्नाच्या फोटोत हसले. पण हे दात काकांचे, असं एकानेही कधी कोणाला सांगितलं नाही. कवळ्या करणाऱ्याच्या धंद्यात असंच असतं. काम जितकं चोख, तितकं ते कोणाच्या लक्षात येत नाही.

त्यामुळे असेल, पण काम थांबवल्यावर काकांनी स्वतःसाठी जी पहिली वस्तू घेतली, ती गल्लीच्या दुसऱ्या टोकावरूनही डोळ्यांत भरत होती.

पिवळी गाडी. स्पोर्ट्स कार. कोणीतरी हौसेने वापरलेली आणि हौस फिटल्यावर विकलेली. सीट दोनच. छत काकांच्या कमरेच्या जरासं वर. समोरून पाहिलं तर हसू दाबणाऱ्या माणसासारखी दिसायची. हनुवटी जमिनीला इतकी लागून, की गल्लीतलं मांजर तिच्याखाली शिरण्याआधी थांबून विचार करायचं.

"कशी आहे?" काकांनी फाटकातून ओरडून विचारलं.

काकू वर घराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"कोणाची आहे?"

"आपली."

काकूंनी गाडी पाहिली. मग काकांना पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मला विचारलं होतंत?"

विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या. म्हणून विचारलं नव्हतं. हे दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे काका गाडीच्या टपावरची नसलेली धूळ पुसू लागले.

"दोन सीट आहेत," ते म्हणाले. "एक तुझी."

"माझी सीट घरात आहे. खिडकीपाशी. उशी ठेवलेली."

दार बंद झालं. आवाज न होता. काकूंनी उभ्या आयुष्यात दार आपटलं नव्हतं.

त्या ग्रंथालयात नोकरीला होत्या. वाचनकक्षात खुर्ची सरकली की त्या मान वर करत, आणि खुर्ची सरकवणारा आपण होऊन उभ्याने वाचू लागे. घरही त्यांनीच निवडलं होतं. रस्त्यापासून उंचावर, चढ चढून गेल्यावर. रस्त्याचा गोंगाट वर येत नाही, म्हणून. तेव्हा काकांकडे स्कूटर होती. स्कूटर त्या चढावरून सुरसुर वर जायची. चढ तीव्र आहे, हे काकांना इतक्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं.

ते त्या दुपारी कळलं.

रस्ता आणि फाटक यांच्यामध्ये पावसाचं पाणी वाहून जायला उथळ चर होता. गाडीची पुढची चाकं त्या चरात उतरली. नाक खाली झुकलं. समोर सिमेंटचा चढ भिंतीसारखा उभा. काकांनी गाडी हलकेच पुढे घेतली आणि गाडीची हनुवटी चढाच्या पायथ्यावर टेकली. नुसती टेकली नाही. घासली. पत्र्याच्या डब्याच्या बुडाशी लागलेलं खरडून काढावं तसा लांबलचक आवाज आला. समोरच्या घरातले साहेब चहाचा कप घेऊन गॅलरीत आले.

वरच्या मजल्यावर काकूंची खिडकी बंद झाली. तीही आवाज न होता.

साहेब वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर दुकानदारांचे तराजू तपासले. आता तपासायला काही नव्हतं, म्हणून ते गल्ली तपासत.

"काय कवळीवाले," ते वरून म्हणाले, "गाडीचे दात पाडताय का?"

"चढ जरा उंच आहे."

"चढ उंचच असतो. गाडी बुटकी आहे."

गाडी त्या दिवशी रस्त्यावरच राहिली.

*

पुढे काकांनी काय काय केलं, ते गल्लीने डोळ्यांनी पाहिलं.

आधी वेग. कोणीतरी सांगितलं की दमात घेतली की जाते. काकांनी दमात घेतली. आवाज आधीपेक्षा आखूड झाला पण मोठा, आणि नंबरप्लेट साहेबांच्या फाटकापाशी सापडली.

मग फळ्या. चरात आडव्या फळ्या टाकून त्यावरून जायचं. पहिली फळी मोडली. दुसरी चाकाखालून निसटली आणि मागे उडाली. मागे कोणी नव्हतं, हे गल्लीचं नशीब.

मग तिरकं जाणं. आधी एक चाक, मग दुसरं. ही युक्ती चांगली होती. आवाज अर्धा झाला. पण फाटक अरुंद, आणि अर्धा आवाज हासुद्धा काकूंच्या लेखी आवाजच.

"वजन," एका संध्याकाळी साहेब म्हणाले. ते आता गॅलरीतून खाली उतरून खुर्ची टाकून बसू लागले होते. "अहो, साधी गोष्ट आहे. गाडी हलकी करा. हलकी झाली की उठेल. चहाचा कप जरी उतरवला तरी केसभर फरक पडतो. माझं आयुष्य गेलंय यात."

काकांना पटलं. त्यांनी डिकी रिकामी केली. जॅक काढला. जादाचं चाक काढलं. पायाखालची मॅटं काढली. गाडीची कागदपत्रं ठेवलेली फाइल काढली. पेट्रोल भरायचं ते जेमतेम काटा हलेल एवढंच. शेवटी खिशातला घरच्या किल्ल्यांचा जुडगा काढून साहेबांच्या हातात दिला आणि चपला फाटकाबाहेर काढून ठेवल्या.

"देवळात निघालात?" वरून काकूंनी विचारलं.

गाडी खरोखरच उठली. पण पुरेशी नाही. एवढं हलकं होऊनही हनुवटी घासली, फक्त हळू. कोणी खाकरावं तशी.

काका त्या रात्री जेवायला बसले. भाकरीचा तुकडा तोंडात घातला, चावला, आणि चावता चावता थांबले. त्यांनी हळूच पुन्हा दात मिटले. उघडले. मिटले.

"दात दुखतोय?" काकूंनी विचारलं.

"चावा," काका म्हणाले. "अगं, हा चावा आहे!"

काकूंना हा शब्द पाठ होता. चाळीस वर्षं त्यांनी जेवणाबरोबर तोच खाल्ला होता. कवळी तयार झाली म्हणजे ती बसतेच असं नाही. ती पेशंटच्या तोंडात घालतात, वरच्या आणि खालच्या दातांमध्ये निळा कागद धरतात आणि म्हणतात, चावा. जिथे दात उंच, तिथे निळा डाग. तेवढंच घासायचं. पुन्हा कागद, पुन्हा चावा. डाग सगळीकडे सारखे उमटले की काम झालं. काका यासाठी डॉक्टरांच्या दवाखान्यात स्वतः जात. डॉक्टर घाईत असला आणि म्हणाला की पेशंट गेला, तुम्हीच घासून द्या, तर काका कवळी घेऊन परत येत. मग ताटावर बसून सबंध जेवणभर ऐकवत. "पेशंट खुर्चीत नसताना घासायचं? म्हणजे अंदाजपंचे! रिकाम्या तोंडाचा चावा घेऊन काय करू? लोणचं घालू?"

काकू तेव्हा हूं म्हणत आणि पुस्तकाचं पान उलटत.

आताही त्या हूं म्हणाल्या. काका हात धुवून मागच्या खोलीत गेले. ती त्यांची जुनी कामाची खोली. चढ म्हणजे खालचा जबडा आणि गाडी म्हणजे वरचा, एवढं एकदा ठरल्यावर त्यांचा पुढचा रस्ता मोकळा होता. फक्त एवढा मोठा निळा कागद कुठे मिळत नाही.

*

कागदाऐवजी त्यांनी कपड्यांना लावायची नीळ घेतली. ती घट्ट कालवली आणि ब्रशने गाडीच्या हनुवटीला लावली. पिवळी गाडी, निळे ओठ. शाळेत जाणारी मुलं थांबून बघू लागली.

"नटवताय?" साहेबांनी विचारलं.

"डाग बघायचाय."

काकांनी गाडी अगदी सावकाश पुढे घेतली. खाकरल्यासारखा आवाज आला की तिथेच थांबवली, मागे घेतली. उतरून पाहिलं. सिमेंटवर निळा पट्टा उमटला होता. स्वच्छ. जिथे उंच, नेमका तिथेच. काकांच्या चेहऱ्यावर गल्लीने पूर्वी कधी न पाहिलेलं हसू आलं.

आधी त्यांनी कवळ्या घासायचं छोटं हातमशीन आणलं. ते सिमेंटवर दाढीच्या मशीनसारखं गुणगुणलं आणि तापून बंद पडलं. मग त्यांनी भाड्याने मोठा ग्राइंडर आणला. त्या आवाजाने काकू खाली आल्या. गाडी आल्यापासून त्या फाटकापाशी पहिल्यांदाच आल्या होत्या.

ग्राइंडर आपोआप बंद झाला. निदान साहेबांना तसंच वाटलं.

"हे किती दिवस चालणार?"

"थोडंच राहिलंय."

"कचऱ्याचा ट्रक रोज सकाळी या गाडीपाशी अडतो आणि हॉर्न वाजवतो. संध्याकाळी गाडी वाजते. आता दुपारी हे वाजतंय. घर मी कशासाठी घेतलं होतं?"

काका उभेच. हातात ग्राइंडर, भुवयांवर सिमेंटची पांढरी पूड, बोटं निळी.

"माझा भाचा बघत होता अशी गाडी," साहेब हळूच म्हणाले. "त्याच्याकडे सपाट पार्किंग आहे."

काका त्यांच्याकडे असे वळले, जणू साहेबांनी घरातलं माणूस मागितलं होतं.

"बोलवा भाच्याला," काकू म्हणाल्या. "रविवारी. मी स्वतः गाडीत बसेन. आवाज न होता वर गेली तर आपली. घासली तर त्याची."

"तू बसशील?" काकांनी एवढंच ऐकलं होतं.

"एकदा बसेन."

"गाडीत?"

"मग काय टपावर?"

त्या वर निघून गेल्या. काका त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. गाडी घेतली तेव्हा दुकानदाराने विचारलं होतं, वेग आवडतो का? काकांना वेग आवडत नव्हता.  त्यांना फक्त शेजारी काकू हव्या होत्या. खिडकी उघडी, केस उडतायत, आणि हातात पुस्तक नाही. इतक्या वर्षांत काकूंच्या हातात पुस्तक नसल्याचा क्षण त्यांना आठवत नव्हता. पण असलं काही दुकानदाराला सांगता येत नाही. काकूंना तर त्याहून नाही.

त्या आठवड्यात काकांनी जे काम केलं, तसं त्यांनी कोणाच्या तोंडात केलं नसेल. नीळ लावायची, गाडी टेकवायची, डाग बघायचा, घासायचं. पट्टा आखूड होत गेला. पट्ट्याचे ठिपके झाले. शेवटचे ठिपके त्यांनी थंड झालेल्या छोट्या मशीनने, पालथं पडून, जिभेचं टोक दातांत धरून काढले. आणि सगळं झाल्यावर वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांनी त्या जागेला पॉलिशही केलं. कापडाचं चाक आणि पॉलिशची पावडर. चढाचा पायथा आरशासारखा चमकू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरवाला त्याच्यावरून घसरून बसल्याबसल्या फाटकाबाहेर आला. पेपर मात्र त्याने हातातून सोडला नाही.

"हा चढ आहे," काकू वरून म्हणाल्या. "जबडा नाही. त्याला हसायचं नाहीये."

काकांनी छिन्नी घेऊन ती चमक घालवली. घालवताना त्यांना वाईट वाटलं.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी शेवटचा चावा घेतला. डिकी रिकामी, मॅटं बाहेर, चपला बाहेर, जुडगा साहेबांकडे. साहेब जुना पेपर पसरून त्यावर पालथे पडले आणि गाडीखाली बघू लागले. गाडी चरात उतरली. नाक झुकलं. चाकं चढाला लागली. हनुवटी सिमेंटवरून गेली, आणि काही झालं नाही. काहीच नाही. गाडी वर गेली आणि घरासमोरच्या सपाट जागेत उभी राहिली.

"डाग?" काकांनी ओरडून विचारलं.

"नाही!"

"नीट बघा!"

"अहो, तराजू तपासलेत मी! नाही म्हणजे नाही!"

काकांनी वरच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा जरासा हलल्यासारखा वाटला. त्यांनी गाडी मागे घेऊन पुन्हा रस्त्यावर लावली. उद्या काकूंना खालूनच बसवून आणायचं होतं.

*

रविवारी भाचा आला. उंच, हसतमुख मुलगा. त्याने गाडीला प्रदक्षिणा घातली, खाली वाकून पाहिलं आणि शीळ घातली. मग वर काकूंना येताना पाहून ती शीळ अर्ध्यात गिळली.

काकूंनी चांगली साडी नेसली होती. पर्स घेतली होती. पर्समध्ये पुस्तक होतं, ते काकांना आकारावरून कळलं. काकांनी दार उघडून धरलं.

या गाडीत बसावं लागत नाही. उतरावं लागतं. काकूंनी आधी एक हात फाटकाच्या खांबावर ठेवला, मग एक पाय आत, मग डोळे मिटले आणि स्वतःला सोडून दिलं. गाडीने हुश्श केलं. साहेबांनी ते ऐकलं, पण तेव्हा त्यांना त्याचा अर्थ लागला नाही.

"बरं आहे," काकू आतून म्हणाल्या. रस्ता त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला आला होता. "मांजराला जग असं दिसत असेल."

 काका चपला काढून आत बसले. साहेब पेपरवर पालथे पडले. भाचा वाकून उभा राहिला.

गाडी चरात उतरली. नाक झुकलं. चाकं चढाला लागली.

आणि आवाज आला. पहिल्या दिवसासारखा. लांबलचक, खरडल्यासारखा.

काकांनी ब्रेक दाबला.  गाडीखालून साहेबांचा गोंधळलेला आवाज आला.

"अहो, पण काल तर गेली होती! अगदी डागसुद्धा नव्हता! आज वेगळं काय आहे? तीच गाडी, तोच चढ, तेच तुम्ही, फक्त आज—"

ते थांबले. पालथ्याचे हळूहळू उठून बसले. त्यांची नजर काकूंच्या बाजूच्या दाराकडे गेली, तिथून झटकन वर झाडाकडे गेली आणि तिथेच राहिली. वजनमापे खात्यातल्या माणसाने झाड इतक्या बारकाईने पाहिलेलं कोणी पाहिलं नसेल.

"मामा, सोपं आहे," भाचा उत्साहाने म्हणाला. "आज आत दोघं आहेत ना? वजन—"

"तुला कोणी विचारलं?" साहेब ओरडले.

"नाही, पण स्प्रिंग दबणारच ना, कारण काकूंचं—"

"माझं चुकलं," काका मध्येच म्हणाले. मोठ्याने म्हणाले. ते घाईघाईने गाडीतून उतरत होते, आणि त्या गाडीतून घाईघाईने उतरता येत नाही, त्यामुळे ते अर्धे दारात अडकून बोलत होते. "माझंच घासणं कमी पडलं. कामातच खोट राहिली. काल गेली ती नशिबाने गेली. दुसरं काही कारण नाही."

काकूंच्या वजनाबद्दल त्या घरात कधीच बोलणं झालं नव्हतं. इतक्या वर्षांचा संसार उगाच टिकत नाही.

काका सुटून उभे राहिले. त्यांनी किल्ली भाच्यासमोर धरली.  

"घे. ठरल्याप्रमाणे. हिला थंडीत सुरू व्हायला जरा वेळ लागतो. रागावायचं नाही. थांबायचं."

भाच्याने हात पुढे केला.

"थांबा," गाडीतून आवाज आला.

हा आवाज मोठा नव्हता. तो वाचनकक्षातला होता. भाच्याचा हात होता तिथे थांबला.

काकू आत बसल्याच होत्या. समोर बघत होत्या.

"अहो, आठवडाभर चावा घेत होतात तेव्हा गाडीत कोण होतं?"

"मी," काका म्हणाले.

"आणि?"

"आणि कोणी नाही. उलट सगळं काढून ठेवलं होतं. जॅकसुद्धा."

"गाडी जॅकसाठी घेतली होतीत का?"

काकांनी किल्ली मुठीत घेतली.

"पेशंट खुर्चीत नसताना घासायचं म्हणजे काय असतं?"

काकांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्यांना वाटत होतं की ही ऐकत नाही.

"अंदाजपंचे," ते पुटपुटले.

"आणि रिकाम्या तोंडाचा चावा घेऊन काय करतात?"

"लोणचं घालतात."

"मग?" काकू म्हणाल्या. "मी इथे बसलेय. कोणाचं वजन किती, ते मला घरच्या काट्यावर दिसतं. त्यासाठी सगळ्यांनी झाडाकडे बघायची गरज नाही."

साहेबांनी दचकून मान खाली केली.

"पण शर्त?" भाचा म्हणाला. त्याचा हात अजून पुढेच होता.

"शर्त मी घातली होती. ही ट्रायल झाली, बाळा. ट्रायलला कोणी कवळी परत करतं का? साहेब, तुमच्या भाच्याला चहा द्या." मग काकांकडे न बघता, पर्समधून पुस्तक काढत, "नीळ आणा."

काका चढावरून धावत वर गेले. अनवाणी.

*

पुढचे काही दिवस गल्लीने जे पाहिलं ते सांगितलं तर खोटं वाटेल. फाटकात नाक वर करून पिवळी गाडी उभी. तिच्यात काकू, चष्मा लावून, पुस्तक वाचत. गाडीसमोर काका पालथे. नीळ, डाग, मागे घ्या, घासा. ग्राइंडर सुरू होण्याआधी काका हात वर करत, काकू कानांत कापसाचे बोळे घालत आणि पान उलटत. बंद झाला की बोळे काढून विचारत, "झालं?"

"अजून जरा उंच आहे."

"घासा सावकाश. माझी चार प्रकरणं राहिलीत."

उतरताना त्या फाटकाच्या खांबाला धरत, साहेबांची बायको दुसऱ्या हाताला धरे, आणि त्या वर येत. काका हे बघत नसत. नीळ धूत असत. काकूंनीच त्यांना तशी कामं नेमून दिली होती.

डिकीत आता सगळं परत आलं होतं. जॅक, चाक, मॅटं, फाइल. "असेल त्या वजनाचा चावा घ्या," काकूंनी सांगितलं होतं. साहेबांनी किल्ल्यांचा जुडगा परत दिला, आणि आपलं खातं संपल्यासारखे ते जरा उदास झाले. मग काकूंनी त्यांना पेपरवर पालथं पडायचं काम कायमचं दिलं.

शेवटच्या संध्याकाळी काकांनी हनुवटीला नीळ लावली आणि हात धुतले. आत येऊन बसले. चपला पायातच होत्या.

"चला," काकू म्हणाल्या. पुस्तक त्यांनी मिटलं होतं. संपलं होतं बहुतेक.

गाडी चरात उतरली. नाक झुकलं. चाकं चढाला लागली. काकांनी श्वास धरला. काकूंनी मान जराशी तिरकी केली, खुर्ची कुठे सरकतेय ते ऐकताना करायच्या तशी.

काही नाही.

गाडी वर गेली. घराच्या दारासमोर सपाट जागेत उभी राहिली. काकांनी इंजिन बंद केलं. इतकी शांतता होती की खालून साहेबांचा पेपर चुरगळल्याचं ऐकू आलं.

"डाग नाही!" ते ओरडले. "एकसुद्धा नाही!"

काकांना पुष्कळ काही बोलायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"अगं, मी गाडी घेतली ना, तेव्हा दुकानदाराने—"

"शू," काकू म्हणाल्या.

 समोर घराचं दार. त्याच्या खालच्या फटीत मुंग्यांची रांग. इतक्या खालून काकूंनी आपलं घर कधी पाहिलं नव्हतं.

मग काकूंनी दार उघडलं. एक पाय बाहेर टाकला. हात पुढे केला. चाचपला. पुन्हा चाचपला.

"अहो."

"काय?"

"इथे खांब नाही."

काकांनी बघितलं. खरंच नव्हता. खांब खाली फाटकाशी होता. वर नुसती सपाट जागा. काका उतरून आले, दोन्ही हात धरून ओढू लागले. काकू वीतभर वर आल्या आणि तितक्याच परत गेल्या. दुसऱ्यांदा काकाच आत जाता जाता राहिले.

"सोडा," काकू म्हणाल्या. "कंबर धरेल तुमची."

"साहेबांच्या बायकोला हाक मारू?"

"ती बाहेर गेलीय. मघाशी बघितलं मी." काकूंनी पाय आत घेतला. दार ओढलं. हलकेच. "खांब खाली आहे ना? मग खाली चला."

"आणि खाली उतरून तू पुन्हा चालत वर येणार?"

 काकूंनी काच खाली केली. हातातलं पुस्तक त्यांनी खिडकीतून बाहेर काढलं आणि हात लांबवून घराच्या पायरीवर ठेवलं. पायरी बरोबर त्यांच्या हाताच्या उंचीला होती.

"नाहीतरी ते परत करायचंय," त्या म्हणाल्या. "उद्या. आता पेट्रोल आहे का गाडीत? की तेही काढून ठेवलंत?"

"भरलंय," काका म्हणाले.  "असेल त्या वजनाचा, म्हणालीस ना."

गाडी उलटी, सावकाश उतरू लागली. पायथ्याशी साहेब अजून पेपरवर बसले होते. ते गडबडीने बाजूला झाले.

"अहो, आत्ताच तर वर गेलात! आता कुठे निघालात?"

हनुवटी नेमकी त्या घासलेल्या जागेवर येत होती. काकूंनी खिडकीतून साहेबांकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.  तिघांनी कान टवकारले. चाकं चरात उतरली, चरातून बाहेर आली, आणि गाडी रस्त्याला लागली.